पांढरीवरची इटली

परदेश पाहून आलेली माणसं दोन प्रकारची असतात. एक चॉकलेट वाटणारी आणि दुसरी फोटो दाखवणारी. पहिल्या प्रकाराचा त्रास दातांपुरता. दुसऱ्या प्रकारात मात्र बैठक मोडून उठता येत नाही, कारण पाहुणा आपलाच असतो आणि त्याच्यासाठी चहाही आपणच टाकलेला असतो.

पूर्वी इटलीहून येणारा माणूस पिसाचा कलता मनोरा तळहातानं सावरून धरल्याचा एक फोटो आणायचा आणि आपणही ‘वा!’ म्हणून मोकळे व्हायचो. आता तेवढ्यावर भागत नाही. आता चलती आहे ती डोंगरमाथ्यावरच्या मध्ययुगीन गावांची. दगडी कमान, दगडी गल्ली, दगडी पायरी, पायरीवर कुंडी आणि कुंडीशेजारी मांजर. पुढच्या फोटोत तीच पायरी, तीच कुंडी, मांजर उठून गेलेलं. आमचा पुण्याचा भाचा असा सगळा ऐवज फोनमध्ये भरून लोह्याला आला. “काय शांतता आहे मामा तिथं!” असं तो सांगत होता आणि बाहेरच्या रस्त्यावरून नांदेड-लातूरच्या गाड्या हॉर्न देत चालल्या होत्या, त्यामुळे शांततेचं वर्णन त्याला दोनदा करावं लागलं.

मी ऐकून घेतलं. लोह्यात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, जी पुण्यात राहून कळत नाही. मध्ययुग बघायला विमान लागत नाही. आमच्याकडे ते अजून वापरात आहे.

भाच्याचं सगळ्यांत लाडकं गाव म्हणजे चिविता दी बान्योरेज्जो. हे रोमच्या उत्तरेला एका ठिसूळ कातळावर बसलं आहे. खालची माती झिजतेय, कडे ढासळताहेत. गावच्या संताचं, म्हणजे सेंट बोनाव्हेंचरचं, जन्मघरसुद्धा दरीत गेलं. गावात जायला १९६५ साली बांधलेला एक लांबलचक पादचारी पूल आहे, तेवढाच. कायम राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि २०१३ पासून ह्या गावात शिरायला तिकीट आहे. आधी दीड युरो होतं, पुढे पाच झालं.

“पाच युरो म्हणजे किती रे?”

“धरा पाचशे रुपये, मामा.”

“आणि कुणाकडं जायचंय हे विचारत नाहीत?”

“नाही. पैसे दिले की सोडतात.”

आमच्याकडे नेमकं उलटं आहे. प्रवेश फुकट, पण चौकशी चुकत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाच्या वेशीतून अनोळखी माणूस आत आला की पारावरची मंडळी त्याला थांबवतात. “कुण्या गावचे पाव्हणे? कुणाकडं आलाव? काय करूलालाव तिकडं पुण्याला? पगार पडतो का वेळेवर?” एवढ्या प्रश्नांची उत्तरं देऊन आणि आपल्या आत्याचं सासर सिद्ध करून माणूस पुढे जातो तेव्हा त्याला वाटतं, पाचशे रुपये घेतले असते तरी परवडलं असतं.

आता उंचीचा मुद्दा. इटलीतली माणसं डोंगरावर जाऊन राहिली त्याला कारणं होती. खाली शत्रू यायचे, दलदलीत मलेरिया असायचा आणि सपाट जमीन घरांत वाया घालवण्यापेक्षा पिकाला ठेवलेली बरी, हाही हिशेब होता. आमच्याकडे बालाघाटच्या रांगा आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्या माथ्यावर मुरमाड माळ आहे, त्यावर गवत उगवतं ते शेरडांच्या आग्रहाखातर. काळी जमीन आणि पाणी खाली. म्हणून माणूस खालीच राहिला. तरीही मराठवाड्यातलं जुनं गाव लांबून पाहाल तर ते आजूबाजूच्या शेतांपेक्षा चांगलं उंचावर दिसतं. ही उंची आणली कुणी?

ही उंची त्याच गावानं आणली. आमच्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढऱ्या मातीची भिंत, वर लाकडी लादणी, त्यावर पुन्हा पांढऱ्या मातीचं माळवद. दर मिरगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची, दर पावसात थोडी ओघळून खाली यायची. पिढ्या दोन पिढ्यांनी घर बसायचं. बसलेलं घर उचलून बाहेर टाकण्याइतका रिकामा वेळ कुणाकडे नव्हता, तेव्हा त्याच ढिगाऱ्यावर दुसरं घर उभं राहायचं. असं शेकडो वर्षं चाललं आणि गाव वर वर येत गेलं. इटलीतला माणूस डोंगर शोधत गेला. आमचा माणूस जागेवर बसून राहिला आणि डोंगर त्याच्या खालून वर आला. कमी श्रमात जास्त उंची गाठण्याचं हे उदाहरण व्यवस्थापनाच्या पुस्तकात अजून कसं आलं नाही, याचं मला नवल वाटतं.

त्या पांढरीच्याही वर गढी. देशमुखांची, देशपांड्यांची नाहीतर पाटलांची. खाली दगडी जोतं, वर माणूस आडवा झोपेल एवढ्या रुंद मातीच्या भिंती, कोपऱ्यांना बुरूज, हत्ती येईल एवढा दरवाजा आणि त्या दरवाजाला माणूस वाकून येईल एवढी दिंडी. हत्ती कधी आल्याचं कुणाला आठवत नाही. वाकून मात्र पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. आत देवडी, ढाळज, धान्याला बळद, जमिनीखाली पेव. वसुलीचं धान्य पेवात जायचं आणि ज्याच्याकडून वसूल झालं तो ढाळजेत बसून पुढच्या साली काय द्यायचं याची काळजी करायचा. मध्ययुगाची ही सगळी व्यवस्था समजून घ्यायला इटलीत गाइड लागतो. आमच्याकडे गावातला कुणीही म्हातारा ती अशी सांगतो, की सारा कालच थकला असावा.

सान जिमिन्यानोचे मनोरे भाच्याला असेच फार आवडले होते. तोस्कानातल्या ह्या टेकडीवरच्या गावात एके काळी ७२ मनोरे होते म्हणतात, आज चौदाएक उरलेत. मनोरे कशासाठी? तर शेजारच्या सावकाराचा माझ्यापेक्षा उंच आहे म्हणून. शेवटी गावानं नियम केला, की पंचायतीच्या मनोऱ्यापेक्षा कुणी उंच बांधायचा नाही. मी म्हटलं, ही माणसं आमचीच. आपल्याकडे ही चुरस आधी बुरुजांत होती, मग दुमजली माड्यांत आली, आता ती फ्लेक्सच्या फलकांत आहे. फरक एवढाच, की त्यांचे मनोरे सातशे वर्षं टिकले आणि आमचा फलक पुढच्या वाढदिवसापर्यंतच टिकतो. पुढच्या वाढदिवसाला तोच सांगाडा, नवा चेहरा.

पण सान जिमिन्यानो का टिकलं, हे फोटोत येत नाही. १३४८ च्या प्लेगात गाव खचलं, व्यापार दुसरीकडे गेला, गावाकडे पैसाच उरला नाही. जुनं पाडून नवं बांधायला पैसा लागतो. तो नसल्यानं मनोरे राहिले आणि १९९० साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. गरिबीनं केलेलं जतन ते हेच.

आमच्याकडे जतनाचं काम गरिबीनं केलंच. पण तिच्यापेक्षा मोठं काम भाऊबंदकीनं केलं आहे. एखादी गढी किंवा वाडा आजही उभा दिसला तर समजावं, आत वाटणीचा दावा आहे. एक भाऊ विकू म्हणतो, दुसरा पाडू म्हणतो, तिसरा हैदराबादला आहे आणि तो काहीच म्हणत नाही. दाव्याची तारीख पडत राहते, तुळईला कुणी हात लावत नाही. पुरातत्त्व खात्याला निधी कमी पडतो. भाऊबंदकीला आजवर काहीच कमी पडलेलं नाही.

ह्यावरून भाच्यानं दुसरा विषय काढला. सिसिलीत सांबुका नावाचं टेकडीवरचंच गाव आहे. तिथल्या पंचायतीनं २०१९ साली पडकी घरं एका युरोला विकायला काढली. “मामा, एका युरोला घर! शंभर रुपयांत!”

“शंभर रुपयांत घर, आणि डागडुजीला?”

तिथं त्याचा आवाज जरा उतरला. तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं, त्याला निदान पंधरा हजार युरो घालायचे, आणि बोलल्याप्रमाणे करील याची हमी म्हणून पाच हजार युरो आधी ठेवायचे. म्हणजे घर शंभराचं आणि गवंडी पंधरा लाखांच्या घरात. मी पुढचा प्रश्न विचारला, जो आमच्या भागातलं दुसरीतलं पोरही विचारील. “ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव कुणाचं आहे? आणि सही एकाची लागते का सगळ्या भावांची?” भाचा गप्प बसला. खरं तर इटलीतही हाच घोळ आहे. गाव सोडून अमेरिकेला गेलेल्यांचे वारस जगभर पांगलेत आणि एका पडक्या खोलीला अनेक मालक. हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

फोटो संपत नव्हते, म्हणून मी भाच्याला उठवून कंधारला नेलं. लोह्याहून अर्ध्या तासाचा रस्ता. लोहा तालुका वेगळा होण्याआधी आम्ही सगळे कंधार तालुक्यातलेच. त्यामुळे कंधारविषयी बोलताना आमचा सूर थोरल्या घरातून वेगळं निघालेल्या धाकट्या भावाचा असतो. थोडा अभिमान, थोडी तक्रार.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगर नव्हता तर कंधारकरांनी पाणी आणलं. किल्ल्याभोवती रुंद खंदक, आत दुहेरी तट, बुरूज, वळणावळणाचा दरवाजा. डोंगरावरच्या किल्ल्यात शत्रूला चढून धाप लागते, इथं त्याला पोहता यावं लागतं. किल्ल्याचं मूळ राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाशी जोडलं जातं. हा कृष्ण साधा माणूस नव्हे. इ. स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत त्यानं चोळांना हरवलं, म्हणजे दख्खनातून निघून पार तमिळ मुलखापर्यंत तो गेला होता. एवढं अंतर आमच्या भागातला माणूस आता फक्त तिरुपतीसाठी तोडतो.

ह्या राष्ट्रकूटांना आपलं मूळ गाव सांगायची मोठी हौस. स्वतःला ते ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे लातूर ह्या श्रेष्ठ नगराचे स्वामी. आज लातूरचं नाव काढलं की शिकवण्या आणि ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. एवढं लांबलचक बिरुद लावण्याची सवय मात्र त्या नगरात टिकून आहे. शिकवणीवर्गाच्या पाट्या वाचून पाहा.

कंधारजवळ राष्ट्रकूटांच्या काळात तलाव बांधला, त्याचं नाव जगत्तुंग समुद्र. तलावाला समुद्र म्हणणं ही राजाची मिजास वाटेल. पण ज्या मुलखात पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो, तिथं साठवलेल्या पाण्याला लहान नाव देऊन चालत नाही. हजार वर्षांपूर्वी ज्यांचे राजे समुद्र बांधत होते, त्यांच्या मूळ नगराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवावं लागलं. प्रगती कुठल्या दिशेनं झाली, यावर भाच्याला निबंध लिहायला सांगितला. त्यानं फोटो काढला.

कंधारला एका महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. पाऊल आणि इतर अवयव यांच्या मापावरून अभ्यासक अंदाज करतात, की अखंड मूर्ती पन्नासएक फूट उंच असावी. क्षेत्रपाल म्हणजे शिवाराची राखण करणारा देव. एवढा मोठा राखणदार नेमला होता, यावरून राष्ट्रकूटांच्या काळातही बांध कोरण्याची प्रथा जोरात असावी असं मी धरून चालतो. आता उभे पुतळे किती फुटांचे करायचे यावर देशभर चढाओढ आहे. ह्या चढाओढीत कंधारचं नाव कुणी घेत नाही, कारण आमच्या मूर्तीचे पाय जमिनीवर आहेत आणि तेवढेच आहेत.

पुढे ह्या किल्ल्यावर यादव आले, दिल्लीकर आले, बहमनी आले, निजामशाही आली. १६३१ मध्ये शाहजहानच्या वतीनं नसीरी खानानं तो जिंकला. गंमत अशी, की शाहजहानला अफगाणिस्तानातलं कंदाहारही हवं होतं. ते १६३८ मध्ये तिथल्या सुभेदारानं आपणहून हाती दिलं आणि १६४९ मध्ये इराणनं परत घेतलं. परत मिळवायला मुघलांनी तीन मोहिमा काढल्या, त्या तिन्ही फसल्या. आमचं कंधार मात्र त्यांच्याकडेच राहिलं. बादशाहीची एवढी आब राखूनही जगात नाव झालं ते त्या दुसऱ्याचं. आमच्या भागातल्या पोरानं मुंबईत गाव विचारल्यावर ‘कंधार’ सांगितलं, की समोरच्याला आधी अपहरणाचं विमान आठवतं.

शेवटी निजाम राहिला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. हाजी सय्या सरवर मगदूम यांचा दर्गा कंधारातच आहे, आणि उरुसाला येणाऱ्या माणसाला कुणी धर्म विचारत नाही. चप्पल कुठं ठेवली तेवढं विचारतात. ह्याच कंधारनं महाराष्ट्राला केशवराव धोंडगे दिले, १९२२ साली जन्मलेले आणि १ जानेवारी २०२३ ला शंभरी ओलांडून गेलेले. शेतकरी कामगार पक्षाचा हा पुढारी विधानसभेत बोलायला उभा राहिला की मंत्री कागद चाळू लागत. त्यांच्या काळात किल्ल्यावर तोफ असण्याची निकड नव्हती.

किल्ल्यात भाच्यानं गाइड शोधला. एक शेळ्या राखणारा म्हातारा तटाच्या सावलीत बसला होता. त्यानंच विचारलं, “काय बघूलालाव?”

“किल्ला.”

“बघा की मग. कुठं जाऊलालाय व्हय तो!”

आमच्या भागातलं वारशाचं सगळं धोरण ह्या एका वाक्यात आलं. किल्ला कुठं जात नाही, म्हणून त्याच्याकडे बघायला आम्हीही जात नाही. शाळेची सहल निघते ती वेरूळला, हनिमून निघतो तो महाबळेश्वरला. देगलूरच्या अलीकडे होट्टलला चालुक्यकाळातली देवळं आहेत, दगडात असं कोरीवकाम की मान वर करून मानेला रग लागावी. पण आमच्या घरातल्या निम्म्या माणसांना होट्टल म्हणजे हॉटेल ऐकू येतं आणि ती जेवायला काय मिळतं ते विचारतात.

जेवायचं म्हणाल तर तिथंही आम्ही कमी नाही. इटलीत गावोगाव वाइन आणि चीज. आमच्याकडे मार्गशीर्षात येळवशीला शेतात भज्जी, उंडे आणि आंबील. ती आंबील एवढी प्यायची, की दुपारनंतर शिवारातला एकही माणूस उभा दिसू नये. त्याच सुमाराला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. सिएनात वर्षातून दोनदा, २ जुलैला आणि १६ ऑगस्टला, चौकात घोड्यांची शर्यत होते आणि सारं जग तिकडे लोटतं. माळेगावात घोडे तर असतातच, शिवाय गाढवं, उंट, कुत्री, आणि आमची लालकंधारी बैलं. ही गोवंशाची जात कंधारच्या नावानं ओळखली जाते. गडद लाल रंग, ताठ मान. भाच्यानं एका लालकंधारी खोंडाशेजारी उभं राहून सेल्फी घेतली. किंमत ऐकल्यावर तो आदरानं दोन पावलं मागं सरला. त्या खोंडाच्या किमतीत सांबुकात बरीच घरं आली असती, दुरुस्तीशिवाय.

एवढं सगळं असून आमच्याकडे तिकीट नाही, पूल नाही, कुंडी नाही. मांजर आहे, पण ते फोटोला बसत नाही. ह्याचं मला वाईट वाटत नाही. चिवितात माणसं उरली नाहीत, म्हणून तिथं गाव बघायचे पैसे घेतात. आमच्या गावात अजून माणसं आहेत, म्हणून ते फुकट आहे. ज्या गावात लेकरं रडतात, जात्याच्या दगडावर कपडे धुतात आणि बुरुजाच्या कोनाड्यात कोंबडी अंडी घालते, त्या गावाला मध्ययुगीन म्हणायचं धाडस इतिहासकारालाही होत नाही.

काळजी वाटते ती दुसरीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडच्या दगड-मातीच्या जाड भिंतींनी झोपलेली हजारो माणसं घेतली. त्या दिवसापासून आमच्या भागात पांढऱ्या मातीच्या भिंतीला कुणी प्रेमानं हात लावला नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही. सिमेंटचा स्लॅब आला, माळवद गेलं, माणसं निर्धास्त झोपू लागली. ते योग्यच झालं. पण गढीत आता कुणी झोपत नाही, तरी ती रोज थोडी थोडी कमी होते आहे. पांढरीची माती शेताला खत म्हणून उत्तम, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री जेसीबी येतो, सकाळी ट्रॅक्टर भरून जातात, आणि बुरुजाचं सोयाबीन होतं. पीक चांगलं येतं. येणारच, शेकडो वर्षांचं गाव त्याच्या मुळाशी पडलेलं असतं.

म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. इटलीला जरूर जा, फोटो काढा, नातेवाइकांना दाखवा. पण त्याआधी एकदा आपल्या गावच्या गढीवर चढा, एखाद्या म्हाताऱ्याला बरोबर घ्या आणि कुठला बुरूज कुणाचा, पेव कुठं होतं, वेस कुठून कुठवर होती, हे लिहून काढा. तटावर स्वतःचं आणि लाडक्या व्यक्तीचं नाव कोरू नका. तिसऱ्या कृष्णानंसुद्धा आपलं नाव शिलालेखात लिहवलं, ते बदामाच्या चित्रात नव्हे. आणि भाऊबंद गढीची माती शेतात टाकायला निघालेच, तर दावा लावा. आमच्या भागात एखादी वास्तू वाचवायची त्याहून खात्रीची रीत अजून निघालेली नाही.